डाक आवृत्तीतले ‘इंग्लंड’

दिनांक 10 ऑगस्ट 2008, रविवार. पुण्यातील एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात मी तेव्हा उपसंपादक होते आणि ऑलिंपिकमुळे सगळ्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या रद्द झालेल्या होत्या. बीजिंगचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्याने तिकडचे निकाल आमच्याकडे दुपारीच येऊन पडत आणि पान लवकर सोडता येईल, असा एक गोड गैरसमज रोज संध्याकाळपर्यंत टिकत असे.

दुपारी तीनच्या सुमारास वृत्तसंस्थेची पहिली ओळ आली: सायकलिंगमध्ये महिलांच्या रोड रेसमध्ये ब्रिटनच्या निकोल कूकला सुवर्णपदक. शर्यत 126.4 किलोमीटरची, वेळ 3 तास 32 मिनिटे 24 सेकंद, दुसरी स्वीडनची एमा योहान्सन, तिसरी इटलीची तातियाना गुदेर्झो. मी दोन कॉलमी बातमी केली, मथळा दिला ‘इंग्लंडच्या कुकला सुवर्ण’ आणि पुढच्या बातमीकडे वळले. ‘ब्रिटन’ हा शब्द समोर असताना माझ्या बोटांनी ‘इंग्लंड’ का टंकले, याचे प्रामाणिक उत्तर एवढेच की, क्रिकेटच्या बातम्या लिहून लिहून त्या देशाचे दुसरे नाव माझ्या हाताला ठाऊकच उरले नव्हते.

मुख्य बातमीचा मजकूर आला तेव्हा मी अधिक गोंधळले. बीजिंग शहरातून निघालेली ही शर्यत डोंगरात शिरून बादालिंग आणि जुयोंगग्वान या चीनच्या भिंतीच्या परिसरातील चढउतारांच्या दोन फेऱ्या करून तिथेच चढावर संपणार होती आणि त्या दिवशी तिथे मुसळधार पाऊस होता. शेवटच्या टप्प्यात पाच जणी पुढे निघाल्या होत्या: कूक, योहान्सन, गुदेर्झो, ऑस्ट्रियाची क्रिस्टियाने सोएडर आणि डेन्मार्कची लिंडा विलुमसेन. इथवर सरळ होते. मात्र पुढच्या एका वाक्यात कूक अखेरच्या वळणावर मागे पडल्याचे म्हटले होते आणि त्याच्या लगतच्या वाक्यात ती जिंकल्याचे. दोनशे-तीनशे मीटर उरलेले असताना मागे पडलेली बाई चढावर सगळ्यांना गाठून पुढे जाईल, हे मला पटेना. वृत्तसंस्थेकडून घाईत नावांची अदलाबदल झाली असावी, असे ठरवून मी ते पहिले वाक्य काढून टाकले. डाक आवृत्ती गावोगावी जायची असल्याने तिचे पान आधी सुटले, मथळ्यातल्या इंग्लंडसह आणि त्या वाक्याविना.

शहर आवृत्तीचे प्रूफ आमच्या ज्येष्ठ मुद्रितशोधकांकडे गेले. सारे कार्यालय त्यांना काका म्हणत असे. घाटाचा राजा कोण ठरतो हे पाहण्यासाठी ते तरुणपणी मुंबई–पुणे सायकल शर्यतीच्या दिवशी खंडाळ्याला जाऊन उभे राहत, त्यामुळे सायकलिंगचा मजकूर ते जरा जास्तच निगुतीने वाचत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला हाक मारली.

“अगं, सहा वर्षांपूर्वी आपणच हिला वेल्सची म्हटलं होतं. आता ही इंग्लंडची कशी झाली?”

मी जुनी फाइल काढली. 2002 च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत रोड रेसचे सुवर्ण जिंकणारी एकोणीस वर्षांची मुलगी हीच होती आणि आम्ही तिला बरोबर ‘वेल्सची’ असेच छापले होते. राष्ट्रकुलात वेल्सचा संघ वेगळा उतरतो, ऑलिंपिकमध्ये तो ग्रेट ब्रिटनच्या संघात असतो. इंग्लंडचा संबंध दोन्हीकडे येत नाही. तिचा जन्म स्वान्सीचा आणि बालपण ग्लॅमॉर्गनच्या विक या खेड्यातले.

काकांनी दुसरा प्रश्न विचारला नसता, तर मी तेवढ्यावर सुटले असते. शेवटच्या वळणाचे काय झाले, हे बातमीत का नाही, असे त्यांनी विचारले आणि मी काढून टाकलेले वाक्य त्यांना दाखवले. ते म्हणाले, “ओल्या घाटात वळणावर जो ब्रेक लावत नाही, तो वर पोचत नाही. थांब जरा, खुलासा येईल.” थोड्याच वेळात सविस्तर मजकूर आला. तिच्या सायकलला वेगासाठी पातळ, हलके टायर लावलेले होते. ओल्या रस्त्यावर त्यांची पकड भरवशाची नसल्याने अखेरच्या वळणावर धोका पत्करायचा नाही, असे ठरलेले होते. वळणावर ती मुद्दाम हळू झाली, चौघी पुढे गेल्या आणि मग सरळ चढावर तिने त्यांना एकेक करून मागे टाकले. म्हणजे संपूर्ण शर्यतीतला जो सर्वांत महत्त्वाचा निर्णय, नेमका तोच मी चूक समजून खोडला होता.

शहर आवृत्तीत मथळा बदलला, वाक्य परत आले आणि दोन्ही हात पसरून ओरडणाऱ्या, नखशिखांत भिजलेल्या कूकचे छायाचित्रही लागले. स्वतःची शरम कमी व्हावी म्हणून मी रात्री थांबून तिच्या कारकिर्दीवर एक मोठी चौकट लिहिली. मुलींच्या वयोगटासाठी राष्ट्रीय ट्रॅक स्पर्धाच नसल्याने त्या सुरू व्हाव्यात म्हणून वडिलांसह केलेला पाठपुरावा, सोळाव्या वर्षी खुल्या गटातले राष्ट्रीय रोड विजेतेपद, 2001 मध्ये एकाच वर्षी रोड रेस, टाइम ट्रायल आणि माउंटन बाइक अशी तीन ज्युनियर जागतिक विजेतेपदे, 2004 मध्ये इटलीतली महिलांची जिरो द’इतालिया शर्यत, त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकला पाचवा क्रमांक, 2006 आणि 2007 मध्ये फ्रान्समधली ग्रांद बुक्ल शर्यत. चौकट मंगळवारच्या अंकासाठी राखून ठेवली. सोमवारी सकाळी अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफलमध्ये भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण जिंकले आणि मंगळवारच्या अंकात दुसऱ्या कोणासाठी जागा उरली नाही. त्याबद्दल मला तक्रार नाही. त्या दिवशी मीही चौकट विसरून पेढे खात होते.

ती चौकट संगणकात पडून राहिली. शनिवार, 27 सप्टेंबरला इटलीतल्या वारेझे येथे कूकने नेदरलँड्सच्या मारियान व्हॉसला मागे टाकून जागतिक रोड रेस जिंकली. ऑलिंपिक आणि जागतिक अशी दोन्ही रोड विजेतेपदे एकाच वर्षी मिळवणारी, पुरुषांसह सर्वांत पहिली सायकलपटू. जानेवारी 2013 मध्ये निवृत्त होताना तिने उत्तेजक द्रव्यांनी प्रामाणिक खेळाडूंचे काय हिरावून घेतले, हे जाहीरपणे सांगितले आणि 2017 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे तिथल्या सायकलिंगमधील स्त्री-पुरुष भेदभावावर साक्ष दिली. पण तोवर मी क्रीडा विभागातून बदलून गेले होते आणि त्या बातम्या वाचक म्हणूनच वाचल्या.

त्या शनिवारी मात्र मीच पाळीवर होते. चौकटीला चार ओळी जोडल्या, मथळ्यात ‘वेल्सची’ हा शब्द दोनदा तपासला आणि प्रूफ काकांकडे पाठवले. ते परत आले तेव्हा त्यावर लाल शाईची एकच खूण होती. ‘कुक’मधला उकार त्यांनी दीर्घ केला होता.