ताकाला जाऊन

गुढीपाडव्याला फडके रोडवर कुठल्या पक्षाला कुठली जागा मिळाली, यावरून त्याची डोंबिवलीतली पत कळते. सकाळी आठनंतर ऊन कुठल्या बाजूला येतं, यात्रा कुठे रेंगाळते, ढोलपथक कुठल्या चौकात हटकून थांबतं, हे जुन्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतं. सावलीची बाजू, शिवाय यात्रा थांबते ती जागा, असं दोन्ही साधलं तर निम्मं काम झालं. आम्हाला सावली मिळाली होती, पण नेमकी ढोलपथकाच्या ताशांसमोर. त्यामुळे त्या सकाळी मतदारांशी जो काही संवाद झाला, तो बराचसा हातवाऱ्यांनी झाला.

नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीत 1999 साली गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली. पुढे ठाण्यात, गिरगावात, मग महाराष्ट्रभर तिचं लोण गेलं, याचा आम्हा डोंबिवलीकरांना जरा जास्तच अभिमान आहे. मुंबईला आम्ही रोज माणसं पुरवतो, ही एक प्रथाही पुरवली. 2020 साली पाडवा नेमका देशभरच्या टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी आला आणि गुढ्या खिडकीच्या गजांना बांधून झाल्या. कोरोनाची वर्षं सोडली तर पाडव्याला फडके रोड मोकळा पाहिल्याचं मला आठवत नाही. यात्रा कुठल्या पक्षाची नाही. म्हणूनच पक्ष कडेला मंडप टाकून उभे राहतात, पाणी देतात, फुलं उधळतात आणि आपण यात्रेचेच आहोत असा चेहरा करतात.

मी त्या चेहऱ्यांमध्ये कशी गेले, तर सोसायटीतल्या एका दादाने विचारलं, "ताई, पाडव्याला तीन तास उभं राहायला कुणीतरी वाचता-लिहिता येणारं माणूस हवंय." इतकी वर्षं बँकेत काउंटरवर बसल्याचं कुणीतरी चीज केलं म्हणून मी हो म्हटलं. पक्षाचं नाव इथे सांगत नाही. सांगून उपयोगही कमी आहे. 2022 साली एक पक्ष उभा फाटला, 2023 साली दुसरा, आणि 2024 च्या पाडव्याला लोक मंडपाशी येऊन "तुम्ही कोणते?" एवढंच विचारून थांबत नव्हते, "त्यातले कोणते?" असंही विचारत होते.

त्या वर्षी पाडवा 9 एप्रिलला होता. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता 16 मार्चलाच लागली होती. आदल्या आठवड्यात शाखेत बैठक झाली, तिचा एकच विषय होता: ताक द्यायचं की पाणी. महिला आघाडीच्या ताईंचं म्हणणं, आपण दरवर्षी ताक देतो, जिऱ्याचं, कोथिंबीर घातलेलं, लोक आपला मंडप ताकावरून ओळखतात. आमच्यातले एक वकील काका आहेत, निवृत्त, पण कायद्यातून निवृत्त व्हायला तयार नसलेले. ते म्हणाले, "पाणी दिलं तर सेवा. ताक दिलं तर कुणीतरी म्हणेल आमिष." ताई उसळल्या. "काका, पेलाभर ताकावर कोण मत देतो?" काका शांतपणे म्हणाले, "मग देता कशाला?"

यावर बैठकीत जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची आपल्याकडे जुनी सवय, पण भांडं असं टेबलावर आणून ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी पाणी ठरलं. सी-व्हिजिल नावाचं ॲप आहे, त्यावर कुणीही फोटो टाकावा, 100 मिनिटांत तक्रारीचा निकाल लावायचा असा नियम आहे. शाखेतल्या एका पोराने लगेच हिशेब केला, 100 मिनिटांत आपलं ताक संपलेलं असेल. त्याला गप्प बसवण्यात आलं.

सकाळी गळ्यात उपरणं घातलं आणि माझी ओळखच पालटली. एरवी मी या रस्त्यावरची एक बाई. भाजी घेते, नमस्कार करते, पुढे जाते. उपरणं घातल्यावर मी सरकार झाले, विरोधी पक्ष झाले, महापालिका झाले. वर्षानुवर्षं आठ-तीनच्या लोकलला शेजारी उभ्या राहणाऱ्या एक वहिनी समोरून आल्या, हसल्या, मग उपरण्याकडे पाहिलं आणि हसू अर्ध्यावर आवरतं घेऊन म्हणाल्या, "तुम्ही पण?" या "पण"चा मला राग यायला हवा होता, पण मीही इतकी वर्षं उपरणंवाल्यांना हेच मनातल्या मनात विचारत आले आहे. त्यांनी निदान तोंडावर विचारलं.

मला वाटलं होतं, लोक वाद घालतील. देशाचं काय, संविधानाचं काय, महागाईचं काय. घरून दोन-तीन मुद्दे पाठ करून गेले होते. एकाही माणसाने त्यातलं काही विचारलं नाही. विचारलं ते असं: स्वच्छतागृह कुठे आहे? यात्रा संपल्यावर रिक्षा कुठून मिळेल? मोबाइल जरा चार्जिंगला लावता का? सेफ्टी पिन आहे का? सेफ्टी पिना मी पर्समधल्या दिल्या, साखळीत अडकवलेल्या सगळ्या. नऊवारी पहिल्यांदा नेसलेल्या मुली पाडव्याला जितक्या असतात, तितक्या पिना कुठल्याही पक्षाने अजून वाटलेल्या नाहीत, आणि वाटल्या तर काकांनी त्यालाही आमिष म्हटलं असतं.

त्याखालोखाल तक्रारी. ज्या शहरात 2014 साली हिरवा पाऊस पडला आणि 2020 साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तिथे तक्रारींत रंग भरावे लागत नाहीत. कोपर पूल दोन वर्षं बंद होता तेव्हाचा राग एका गृहस्थांनी पूल सुरू झाल्यानंतरही जपून ठेवला होता. तो त्यांनी माझ्यापुढे, तारखांसह, पूर्ण उतरवला. "नगरसेवकाला सांगा," असं म्हणायची सोय नव्हती. महापालिकेची निवडणूक झाली होती 2015 साली, मुदत संपली 2020 च्या नोव्हेंबरात, आणि तेव्हापासून होता प्रशासक. त्यामुळे आमच्या शहरात तेव्हा फक्त माजी नगरसेवक आणि भावी नगरसेवक राहत. आजी कुणी नव्हतं. त्या गृहस्थांना मी पाणी दिलं. ते प्यायले, म्हणाले, "हे तरी येतंय." आणि गेले.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मतदारयादीचं काम होतं, आणि माझ्या मते त्या सकाळचं खरं काम तेवढंच. नाव शोधायचं, नसेल तर मोबाइलवर अर्ज क्रमांक 6 भरून द्यायचा, घर बदललं असेल किंवा चूक दुरुस्त करायची असेल तर अर्ज क्रमांक 8. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेआधी दहा दिवसांपर्यंत नावं घेतात, आणि आमच्याकडे मतदान थेट 20 मेला, म्हणून अजून मुदत होती. एका काकांच्या नावापुढे यादीत "स्त्री" छापलं होतं. ते दुरुस्त करायला आले नव्हते, नुसते दाखवायला आले होते. "तीन निवडणुका अशाच काढल्या," म्हणाले. एका जोडप्यात नवरा पश्चिमेच्या यादीत, बायको पूर्वेच्या. नवऱ्याने ते बदलायला उत्साह दाखवला नाही.

मग एक कुटुंब आलं, कल्याण पश्चिमेचं. आमच्या उमेदवाराचं पत्रक हातात घेऊन त्यांच्यातले आजोबा म्हणाले, "आम्ही यांनाच देणार." त्यांना सांगावं लागलं की कल्याण पश्चिम हा कल्याण लोकसभेत येत नाही, भिवंडीत येतो. मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हापासून असंच आहे. मुंब्रा-कळवा मात्र कल्याणात. आजोबांनी स्टेशनच्या दिशेने बोट केलं. "म्हणजे पूल ओलांडला की भिवंडी?" मतदानापुरती, हो. त्यांनी पत्रक घडी घालून परत दिलं. चांगला माणूस. बाकी सगळे ते पुढच्या चौकात टाकत होते.

सगळ्यात लक्षात राहिली ती लेझीमच्या पथकातली मुलगी. जांभळी नऊवारी, नथ, नथीवर काळा गॉगल, पायात बूट. लेझीम काखोटीला मारून आली आणि म्हणाली, "माझं नाव घालायचंय. मी अठराची झाले." जन्मतारीख विचारली. 3 एप्रिल 2006. वकील काकांचा चेहरा पडला. अठरा पूर्ण व्हायला वर्षात चार तारखा धरतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. 1 एप्रिलपर्यंत ज्यांची अठरा भरली त्यांना या वेळी मत. हिची भरली दोन दिवसांनी.

"पण मतदान मेमध्ये आहे ना? तेव्हा तर मी अठराचीच असणार."

"असणार."

"मग?"

काकांनी तिला समजावलं की 2022 पर्यंत वर्षातून एकच तारीख होती, 1 जानेवारी, त्या मानाने हे बरंच बरं झालं. सतराव्या वर्षानंतर अर्ज आधीच भरून ठेवता येतो, जुलैला नाव लागेल. तिने हे सगळं ऐकून घेतलं. मग शेजारच्या मैत्रिणीकडे वळली. मैत्रीण मार्चची. मैत्रिणीला मतदानात काडीचा रस नव्हता, ती साखरगाठीचं एक पदक तोंडात धरून रील बघत होती. "हिला चालतं?" मुलीने विचारलं. हिला चालत होतं. तिने मैत्रिणीच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि म्हणाली, "आधी हिचा भरा. मग माझा." मैत्रिणीचा अर्ज तिने स्वतः उभं राहून भरून घेतला, फोटोसाठी तिची नथसुद्धा काढायला लावली. पुढे विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला झालं. तोवर तिचं नाव लागलेलं असणार. कुणाला मत दिलं असेल ते सांगता येत नाही, पण रांगेत पहिली तीच उभी असेल आणि मैत्रिणीला ओढून आणलेलं असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

साहेब आले साडेनऊला. ते येण्याआधी पंधरा मिनिटं सगळ्यांनी उपरणी सरळ केली. आल्यावर कुणीतरी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला, दुसऱ्या कुणीतरी त्यांच्यासमोर एक तहानलेला नागरिक उभा केला. साहेबांनी पेला पुढे केला, नागरिकाने हात लावला, दोघांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. फोटो झाला, मग आणखी एका मोबाइलसाठी झाला, आणि त्या गडबडीत नागरिक पाणी न पिताच पुढे सरकला. पेला माझ्याकडे परत आला, भरलेलाच. संध्याकाळी तो फोटो ग्रुपवर "तहानलेल्यांची सेवा" या मथळ्याखाली फिरला. साहेबांना दोष देत नाही मी. त्यांना त्या सकाळी ठाण्यापासून बदलापुरापर्यंतच्या सगळ्या यात्रांमध्ये तोच पेला धरायचा होता. पण मंडपातली पोरं पहाटे पाचला उठून जार उचलत होती, त्यांच्यातल्या एकाचाही फोटो कुणी काढला नाही, याचं मात्र वाईट वाटलं.

आमच्या समोरच, उन्हाच्या बाजूला, दुसऱ्या पक्षाचा मंडप होता. आमचे दादा आणि त्यांचे तिकडचे प्रमुख पूर्वी एकाच शाखेत सतरंज्या घालत. साडेआठला त्यांचा बर्फ संपला. तिकडून एक मुलगा आला, दादांच्या कानाशी लागला, आणि आमच्या बर्फाची अर्धी लादी पोत्यात गुंडाळून रस्ता ओलांडून गेली. मधे तेवढ्यात एका शाळेचा चित्ररथ आला, शिवराज्याभिषेकाचा, म्हणून लादी आणि मुलगा दोघेही मावळ्यांच्या मागे काही काळ अडकून पडले. ताईंनी कपाळाला हात लावला. "त्यांना बर्फ देतोय आपण?" दादा म्हणाले, "उन्हात आहेत बिचारे."

शेवटी शेवटी एक आजी आल्या. ऐंशीच्या असतील, काठापदराचं सुती लुगडं, हातात प्रसादाची पुडी, कडुनिंब आणि गूळ. मी पाणी दिलं. प्यायल्या, दुसरा पेला मागितला. मग पेला हातात धरूनच उपरण्यावरचं चिन्ह नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बाळा, मी आपली समोरच्यांनाच मत देते हो. पहिल्यापासून." मी म्हटलं, "मग आजी, पाणी इकडे?" त्या म्हणाल्या, "त्यांचं कोमट आहे."

यात्रा संपल्यावर पोरांनी पेले गोळा केले, दादांनी मंडपवाल्याशी घासाघीस केली आणि वकील काका खुर्चीत बसून एका शंभरपानी वहीत खर्च लिहू लागले. उमेदवाराचा खर्च अर्ज भरल्या दिवसापासून मोजतात, आणि आमच्याकडे अर्ज भरायला अजून सुरुवातही नव्हती, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. तरी लिहीत होते. मंडप, टेबल, खुर्च्या. पाण्याचे जार एका सभासदाने फुकट दिले होते, तेही बाजारभावाने. मला विचारलं, "पाण्यात बर्फ धरायचा की वेगळा?" मी म्हटलं, वेगळा धरा, आणि त्यातला अर्धा समोरच्यांच्या नावे टाका. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आजींचे दोन पेले?" ते म्हणाले. "ते आपल्याकडेच राहू देत."