बिनसाखरेची पोळी

2023 च्या अधिक श्रावणात रोज दोनशेच्या वर पुरणपोळ्या हातून जात होत्या. लातूरकडं धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो, त्यामुळं ऑर्डरींना खंड नसतो. अशात औशाच्या एका काकूंचा फोन आला. "ताई, जावायाला शुगर निघाली बघा. पण धोंडे-जेवण तर करावंच लागंल की. ती पानाची साखर असती म्हणं, तिच्यात करून देता का?"

पानाची साखर म्हणजे स्टीव्हिया, आपली गोड तुळस. मूळची पॅराग्वेकडची. तिचा शुद्ध अर्क साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड असतो. अनारशाला मी आधीच नाही म्हटलं. त्याचं पीठ गुळात भिजवून मुरावं लागतं आणि जाळी पडते ती गुळामुळंच. पोळी मात्र जमेल असं वाटलं. काकूंनी पाकीट पाठवून दिलं.

पहिला घाणा वाया गेला. एरवी डाळीत गूळ पडला की पुरण आधी पातळ होतं, मग रटरटून आळतं, आणि उलथणं मधोमध उभं राहिलं की उतरवायचं. इथं उलथणं पहिल्यापासूनच उभं! गूळ नुसती गोडी देत नाही, तो डाळीला ओलावा देतो, धरून ठेवतो. त्याच्याविना पुरण भगराळ झालं आणि लाटताना पोळी कडेला फुटली. वर जिभेच्या मागं ज्येष्ठमधासारखी कडसर गोडी कितीतरी वेळ रेंगाळत राहिली.

दुसऱ्या वेळी डाळ एक शिट्टी जास्त शिजवली, कट पूर्ण निथळू दिला नाही, वाटताना कोमट दूध आणि दोन चमचे तूप घातलं. पावडर निम्मी केली. सुंठ नि जायफळ वाढवलं, चिमूटभर मीठ टाकलं, कडसरपणा दबला. गूळ पाझरून तव्यावर जे खमंग तपकिरी डाग पडतात ते काही आले नाहीत, पोळी फिकीच राहिली. पण फुटली नाही. वीस वर्षांच्या कामात इतका आनंद मला क्वचित झाला असेल. डब्यावर मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'बिनसाखरेची'.

रात्री काकूंच्या लेकीचा फोन. जावयांनी पाच पोळ्या खाल्ल्या होत्या, वर आमटी-भात. घशाला कोरड पडली म्हणून शुगरचं मीटर लावलं तर 312. "मावशी, साखर नव्हती ना त्याच्यात?"

नव्हती. पण गव्हाच्या पिठात शंभर ग्रॅममागं सत्तरच्या आसपास कर्बोदकं असतात, हरभऱ्याच्या डाळीतही कमी नसतात. पोटात गेल्यावर त्यांची साखरच होते. मी काढला तो फक्त गूळ. पाकीट उलटून बघितलं तर मागं मुंगीएवढ्या अक्षरात माल्टोडेक्स्ट्रिन लिहिलेलं, म्हणजे स्टार्चपासून केलेली भुकटी. तेही साखरेसारखंच झटकन रक्तात उतरतं. पुढं मोठ्या हिरव्या पानाचं चित्र आणि मागं हे! अशा छपाईचा मला मनापासून राग येतो. लोकांचंही तसंच, 'शुगर फ्री' वाचलं की हात सैल सोडतात. पण पाकीट मी आधी वाचायला हवं होतं, आणि किती पोळ्या खाणार हे विचारायला हवं होतं. पुरण जमवण्यातच मी इतकी गुंतले होते की माणूस डोळ्यांसमोर आलाच नाही.

जावई त्याच रात्री डॉक्टरांकडं जाऊन आले, दोन दिवसांत बरे झाले. काकू एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "तुमच्या पोळीला नाव नाही ठेवत आम्ही." ते जास्त लागलं.

आता मी नुसता शुद्ध अर्क वापरते, पोळी तळहाताएवढी करते आणि डब्यावर 'गूळ नाही, पीठ-डाळ आहे' असं लिहिते. परवा काकूंचा पुन्हा फोन आला, दिवाळीला जावई येणार आहेत. मी म्हटलं, दोनच देईन, तेही डॉक्टरांना विचारून. काकू जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, जावायाच्या पानात दोनच कशा वाढू?"

मला लगेच काही बोलता आलं नाही. उद्या फोन करते म्हटलंय.