पोस्टर राहू द्या, मटकी भिजवा

आज कंपनीच्या कँटीनमध्ये अडीच तास ठाण मांडून बसले. कामगारांसाठी ‘सकस आहार उपक्रम’ आखायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गेल्या आठवड्यात मोठ्या हौसेने कॅलरींचे तक्ते नि रंगीत पोस्टरं करून ठेवली होती. पण चाकणला रात्रपाळी संपवून सकाळी साडेसहाला बाहेर पडणारा माणूस पोस्टर कशाला वाचेल? तो वडापाव घेतो. त्या वेळेला गरम दुसरं काही नसतंच.

कँटीनच्या मावशींनी चहाचं पातेलं दाखवलं. साखर आधीच उकळलेली, नको असली तरी प्यायची. कपाला दोन चमचे, पाळीत चार कप. चमचा ४ ग्रॅमचा धरला तरी ३२ ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभरात २५च्या आसपास थांबलात तर उत्तम. मिठाची मर्यादा ५ ग्रॅम, आणि इथे प्रत्येक टेबलावर मीठदाणी! (मीसुद्धा न चाखताच वरून मीठ घेते, हे आजच लक्षात आलं.)

मग तक्ते बाजूला ठेवले. चहा बिनसाखरेचा, साखर वेगळी. मीठदाण्या टेबलांवरून काउंटरवर. सकाळी सहालाच पोहे आणि मोडाच्या मटकीची उसळ, वडापावच्याच भावात.

मावशी हसल्या. “ताई, उसळ करते की. पण मटकी भिजवायला, मोड काढायला माणूस कोण देणार?”

उद्या कंत्राटदाराशी बोलायचंय. तो भावावरून कटकट करणार, नक्की.