सातवी खेप: सायट्रिक ॲसिडने खाल्लेला कॉस्टिक सोडा

सहाव्या खेपेच्या घरगुती साबणाच्या वड्या सहा आठवडे मुरूनही मऊच राहिल्या. अंगठा दाबला की ठसा उमटतो, फेस बेताचाच येतो आणि धुतल्यानंतरही हाताला तेलकटपणा जाणवतो. आधी मी तेलांना दोष दिला, मग हवेतील ओलाव्याला. वही पुन्हा चाळल्यावर मात्र चूक माझ्याच हिशेबात सापडली.

त्या खेपेत मी प्रथमच १० ग्रॅम निर्जल सायट्रिक ॲसिड वापरले होते. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. बादलीच्या कडेला बसणारा राखाडी थर तो हाच. साबणातच सोडियम सायट्रेट तयार झाले, तर ते या धातूंना धरून ठेवते आणि साका कमी होतो. परंतु ते तयार होताना दर १० ग्रॅम निर्जल ॲसिडमागे तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा सुमारे ६.२ ग्रॅम खर्ची पडतो, हे मी लक्षातच घेतले नव्हते. (डब्यावर मोनोहायड्रेट, म्हणजे पाण्याचा अंश असलेले, असे लिहिले असेल, तर ५.७ ग्रॅम धरावा.)

तेले होती ऑलिव्ह ३०० ग्रॅम, खोबरेल १५० आणि एरंडेल ५०. त्यांच्या पूर्ण साबणीकरणाला माझ्या कोष्टकानुसार ७४.४ ग्रॅम कॉस्टिक लागते, म्हणून ५ टक्के सुपरफॅट (साबण न होता उरणारे तेल) ठेवून मी ७०.६ ग्रॅम घेतला होता. त्यातील सव्वासहा ग्रॅम ॲसिडनेच खाल्ल्यामुळे तेलांच्या वाट्याला जेमतेम ६४.४ ग्रॅम आले आणि सुपरफॅट १३ टक्क्यांच्या पुढे गेले. वड्या मऊ राहणारच!

सातव्या खेपेत तेले तीच आणि ॲसिड तेवढेच ठेवून कॉस्टिक सव्वासहा ग्रॅमने वाढवून ७६.९ ग्रॅम घेतला. १५४ ग्रॅम पाण्यात आधी ॲसिड विरघळवले आणि मग चष्मा व हातमोजे घालून कॉस्टिक थोडाथोडा टाकला, कारण दोन्हींची उष्णता एकदम निघते आणि भांडे हाती धरवत नाही. द्रावण कोमट होईपर्यंत थांबून तेलात ओतले. ब्लेंडर थांबवून थांबवून फिरवल्यावर ट्रेस आला, म्हणजे वरून सोडलेली धार मिश्रणावर क्षणभर रेघ धरून राहू लागली.

आज तिसरा आठवडा आहे. अंगठ्याचा ठसा उमटत नाही, कडा मात्र अजून किंचित ठिसूळ आहेत. साक्याची तुलना करण्यासाठी ॲसिड न घातलेली आठवी खेपही, ७०.६ ग्रॅम कॉस्टिक घेऊन, काल साच्यात ओतली आहे.