चार एकर आणि 12 इंच पाऊस

आज पहाटे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सहून निघालो आणि विलकॉक्सजवळची ती चार एकर जागा एकदाची बघून आलो. जमीन स्वस्त. शिवाय इथल्या कोचीस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, चार एकर असले की स्वतःचं घर स्वतः बांधणाऱ्याला बांधकाम तपासणीतून सूट घेता येते, म्हणून जीव अडकलेला. सोलरला ऊन हवं तेवढं. उंची 4,000 फुटांच्या वर, त्यामुळे फिनिक्ससारखी भट्टीही नाही.

पण पाणी? एजंट सूर्यास्ताचं कौतुक करत राहिला. बोअर किती फुटांवर लागेल विचारलं की नुसता हसायचा. या खोऱ्यात मोठ्या शेतांच्या उपशाने कित्येक विहिरी आटल्यात, जमिनीला भेगा पडल्यात. 2024 च्या शेवटी राज्याला उपशावर नियंत्रण आणावं लागलं.

मग बॉनेटवर कागद ठेवून हिशोब. वर्षाला पाऊस साधारण 12 इंच, छप्पर 1,000 चौरस फूट. थेंब न थेंब धरला तरी 28,000 लिटर. आम्हा दोघांना रोज 160 लिटर धरले तर सहा महिने पुरत नाहीत. भाजीपाला, कोंबड्या वेगळ्याच. टिकाव मारून पाहिला, तर फूटभरावर चुनखडीचा थर. ठण्ण!

बायको माण तालुक्यातली, टँकरमागे हंडा घेऊन धावलेली. ती एवढंच म्हणाली, "अहो, टँकरची वाट बघायला इथवर आलो का आपण?"

येताना विलकॉक्समध्ये ॲपल पाय खाल्ला. तो मात्र झकास होता.