झांजा काढल्या, स्टूल काढलं: मो टकरच्या मागे चार महिने

बरेच दिवस काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, पाठ धरली होती. मागच्या वेळी म्हटलं होतं की साठच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडच्या पहिल्या दोन अल्बमवरचं ड्रमिंग, म्हणजे मॉरीन टकरचं, जमेल तितकं तिच्याच पद्धतीने वाजवून बघायचंय, उभं राहून आणि झांजांशिवाय. तेव्हा ओळखीतल्या दोघातिघांनी 'त्यात काय, ते तर कुणीही वाजवेल' असं ऐकवलं होतं. खरं सांगायचं तर मलाही मनातून तसंच वाटत होतं. चार महिने झाले, आता नाही वाटत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६५ च्या डिसेंबरात न्यू जर्सीतल्या समिट हायस्कूलमध्ये बँडला ७५ डॉलरचा कार्यक्रम मिळाला, तर आधीचा ड्रमर अँगस मॅक्लाइज पैसे घेऊन वाजवायचं म्हटल्यावर बँडच सोडून गेला (असे लोक आता कुठे राहिले). मग गिटारिस्ट स्टर्लिंग मॉरिसनच्या मित्राची बहीण ड्रम वाजवते म्हणून तिला बोलावलं, ती ही मो. स्वतःच शिकलेली, आयबीएममध्ये डेटा पंच करायची नोकरी करणारी. डोक्यात अमेरिकन गिटारवाला बो डिडली आणि नायजेरियाचा ड्रमवादक बाबातुंडे ओलातुंजी. बेस ड्रम (एरवी पायाच्या पेडलने वाजवायचा मोठा ढोल) आडवा टाकून त्याचं तोंड वर, पेडल नाही, हातात मॅलेट म्हणजे नमद्याच्या डोक्याची काठी, बाजूला फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा खोल ड्रम) आणि स्नेअर (करकरीत आवाजाचा चपटा ड्रम), झांजा जवळजवळ नाहीतच. एकदा तिचे ड्रम चोरीला गेले तर रस्त्यावरचे कचऱ्याचे डबे आणून त्यावर काही दिवस वाजवलं.

पहिला आठवडा नुसता मांडणीत गेला. माझा बेस ड्रम २२ इंची, तो सरळ कार्पेटवर आडवा ठेवला आणि मॅलेट मारली तर आवाज आला 'थप', गादीवर उशी आपटल्यासारखा. खालचं तोंड जमिनीला चिकटलं की हवा कोंडते आणि ड्रम मुका होतो, हे कळायला मला दोन दिवस लागले. मग तीन ठिकाणी रबराचे जाड ठोकळे लावून उचलला, आवाज आला पण आता तो माझ्या गुडघ्याशी, म्हणजे मी वाकून वाजवतेय, आणि पाठ धरली ती इथेच. शेवटी प्लास्टिकच्या दोन क्रेटवर चढवला, कमरेच्या जरा खाली येईल इतका. कुणी करून बघणार असाल तर उंची आधी ठरवा, बाकी सगळं नंतर.

उजव्या पायाचं काय करायचं हा प्रश्न कुणी सांगत नाही. दहा वर्षं पेडल मारलेला पाय आहे, तो गप्प बसेना, हवेतच टाप देत राहिला. आणि पाय हलला की उभ्या अंगाचा तोल हलतो, तोल हलला की हात पुढे धावतो. तीन आठवड्यांनी तो पाय थोडा मागे टाकून उभी राहायला लागले तेव्हा कुठे शांत झाला.

दुसऱ्या महिन्यात 'आय'म वेटिंग फॉर द मॅन' घेतलं. कागदावर बघाल तर हसाल: सरळ आठचे ठोके, एकसारखे, साडेचार मिनिटांच्या वर, दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर नेहमीचा फटका नाही, फिल (ओळींमधल्या जागेत भरायचे जादा ठोके) नाही, शेवटी धडाम नाही. बँडमधल्या जॉन केलचा पियानोही तसाच घणासारखा. मी स्वतःला रेकॉर्ड केलं. पहिल्या दिवशी चौथ्या मिनिटाला मेट्रोनोमपेक्षा आठ ठोके प्रति मिनिट पुढे पळाले होते. पण लय पळणं ही लहान चूक होती, खरी चूक ऐकताना सापडली: दर आठव्या मात्रेला मी नकळत जरा जोर देत होते, दर सोळाव्याला काहीतरी छोटंसं घालत होते, एखादा दुहेरी ठोका, एखादा रिमला चाटून जाणारा. कुणी सांगितलं नव्हतं. हाताला रिकामी जागा बघवत नाही. आपण ड्रमर लोक फिलला अभिव्यक्ती वगैरे म्हणतो, माझ्या बाबतीत ती निव्वळ खाज निघाली.

आणि इथे मला व्हेल्व्हेटची नक्कल करणाऱ्या सगळ्या बँडांबद्दलचं माझं जुनं मत बदलावं लागलं. संगीतकार ब्रायन ईनोचं ते १९८२ च्या लॉस एंजेलिस टाइम्सच्या मुलाखतीतलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे, की पहिला अल्बम सुरुवातीच्या पाच वर्षांत तीस हजारच खपला पण घेणाऱ्या प्रत्येकाने बँड काढला. (आकडा त्याला व्हेल्व्हेटचा गायक-गिटारिस्ट लू रीडने सांगितला होता. नंतर रॉयल्टीचे कागद बाहेर आले त्यात फेब्रुवारी १९६९ पर्यंतच ५८,४७६ दिसतात, म्हणजे गोष्ट छान आहे, हिशेब नाही. बिलबोर्डवर तो तेव्हा १७१ च्या वर चढला नव्हता हे मात्र खरं.) पण त्या सगळ्यांनी घेतलं काय? काळे गॉगल घेतले, लू रीडचं अर्धवट बोलत गाणं घेतलं, फीडबॅक घेतला, केलच्या व्हायोलाचा (व्हायोलिनचा जरा मोठा भाऊ) सलग घुमणारा सूर गिटारवर आणला. ड्रमच्या जागी मात्र बहुतेकांनी नेहमीचा रॉक ड्रमर आणून बसवला, हाय-हॅट, क्रॅश या झांजांसकट सगळं साग्रसंगीत. पुढचं सगळं सही न् सही आणि मागे हा माणूस दर चार ओळींनी झांज फोडतोय.

झांज काय करते ते तिच्याशिवाय महिनाभर वाजवल्यावर कळतं. झांजेचा आवाज वरच्या पट्टीत पसरतो, नेमका तिथे जिथे डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारची करकर आणि शब्दांचे स, श असतात. दोन्ही एकदम आले की दोन्ही झाकले जातात. मोला झांजा आवडत नव्हत्या त्या याचसाठी, गाणं बुडतं म्हणून. तिने ती वरची पट्टी रिकामी सोडली म्हणून केल आणि रीड तिथे वाटेल तो धिंगाणा घालू शकले.

याचा पुरावा बँडच्या स्वतःच्या अल्बममध्येच आहे. १९७० च्या 'लोडेड'वर मो नाही, ती गरोदर होती, डग यूल, त्याचा भाऊ बिली आणि आणखी काहींनी वाजवलंय. गाणी सुंदर आहेत, मला तर दोन-तीन पहिल्या अल्बमपेक्षाही आवडतात, पण डोळे मिटून ऐकलं तर तो एक चांगला अमेरिकन रॉक बँड आहे. म्हणजे स्वतः व्हेल्व्हेटसुद्धा तिच्याशिवाय व्हेल्व्हेटसारखे वाजले नाहीत, तर इतरांना कशाला नावं ठेवायची.

ज्यांना हे उमगलं ते थोडे. जीझस अँड मेरी चेनमध्ये बॉबी गिलेस्पी उभा राहून फक्त स्नेअर आणि फ्लोअर टॉम वाजवायचा, 'सायकोकँडी' १९८५. गंमत म्हणजे त्याच अल्बमचा सगळ्यात प्रसिद्ध ठेका मोचा नाहीच, तो रॉनेट्सच्या 'बी माय बेबी'चा आहे, म्हणजे अंगण न्यूयॉर्कच्या तळघरातलं आणि रांगोळी पॉप रेडिओची. मला हे उसनं घेणं आवडतं. यो ला टेंगोची जॉर्जिया हबली पण या यादीत हवीच, ती झांजा वापरते पण हात आखडून. त्या बँडने १९९६ च्या एका सिनेमात व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचीच भूमिका केली होती, याहून अधिकृत नक्कल कुठली.

आणि प्राग. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात आले आणि त्याच वर्षी तिथे प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स हा बँड निघाला, सुरुवातीला व्हेल्व्हेटची गाणी वाजवायचे. पुढे त्यांची व्यवसाय म्हणून वाजवायची परवानगी गेली, १९७६ मध्ये खटला झाला, तुरुंगवास झाला, त्या खटल्यातून चार्टर ७७ हे मानवी हक्कांचं आंदोलन उभं राहिलं. नाटककार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला वाक्लाव हावेल स्वतः १९६८ मध्ये न्यूयॉर्कहून व्हेल्व्हेटची रेकॉर्ड घेऊन आला होता. प्लास्टिक पीपलचे सत्तरच्या दशकातले रेकॉर्डिंग ऐका, ते आता कुणासारखेच वाजत नाहीत, सॅक्सोफोन, व्हायोला, वाकडातिकडा ठेका. नक्कल करत करत एवढं लांब कुणी गेलं असेल तर हेच.

असो, तिसरा महिना. 'हेरॉइन'. याच्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

दोन कॉर्ड, सात मिनिटं, बेस गिटार नाही कारण केल व्हायोला वाजवतोय, त्यामुळे खालचा सगळा भार मोच्या मॅलेटवर. आणि लय स्थिर नाही. ठाय सुरू होते, चढते, दुगुन होते, पुन्हा एकदम खाली बसते, मग परत चढते, दर वेळी आधीपेक्षा वर. मेट्रोनोम इथे कुचकामी. मी आधी मूळ रेकॉर्डिंगवर बोटाने टाप देत वेग मोजला, आलेख काढला, तो भिंतीला लावला आणि त्याप्रमाणे वाजवायला गेले. भयंकर. प्रत्येक चढ पायरीसारखा, आता गिअर बदलला हे ऐकू येत होतं. दहा-बारा दिवस असेच वाया घालवले, मग आलेख काढून फेकला आणि माझ्या गिटारवाल्या मित्राला बोलावलं. त्याने सगळ्या तारा एकाच सुरात लावल्या (ही लू रीडची ऑस्ट्रिच ट्युनिंग, १९६४ च्या त्याच्या एका गंमतगाण्यावरून नाव पडलेली, 'हेरॉइन'मध्ये नाही पण त्याला हौस) आणि आम्ही फक्त एकमेकांच्या हाताकडे बघत वाजवलं. तो उजवा हात जरा घट्ट करायचा, मी जरा पुढे सरायचे. चौथ्या दिवशी पहिल्यांदा चढ जाणवला नाही, थेट वर पोचल्यावरच कळलं की अरे आपण पळतोय.

मूळ रेकॉर्डिंगमध्ये शेवटच्या गदारोळात एका जागी ड्रम चक्क थांबतात. मी वर्षानुवर्षं समजत होते की ही काय जबरदस्त कल्पना आहे. तर मोने नंतर सांगितलंय की तिला बाकी कुणी ऐकूच येईना, म्हणून ती थांबली, वाटलं बाकीचेही थांबतील, ते थांबले नाहीत. मग ती परत सुरू झाली. तेच रेकॉर्डिंग अल्बमवर गेलं.

आम्ही ते थांबणंही बसवायचा प्रयत्न केला. मित्र म्हणाला, 'अगं, अमुक सेकंदाला थांब, मी खूण करतो.' सात वेळा केलं, सातही वेळा ते ठरवून थांबल्यासारखं वाजलं, शाळेच्या नाटकात दार वाजायच्या आधीच दाराकडे बघतात ना, तसं. ते सोडून दिलं. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रम थांबत नाहीत.

सध्याची स्थिती अशी. 'वेटिंग फॉर द मॅन' पूर्ण, शेवटच्या मोजणीत फरक दोन ठोक्यांवर आलाय आणि फिल शून्य, दोन वेळा तपासलं. 'व्हीनस इन फर्स' सोपं वाटलं म्हणून दोन दिवसांत उरकलं होतं, परत ऐकलं तर बेस ड्रम टॅम्बरिनच्या आधी हळूच येतोय, सबब परत करायचं. 'हेरॉइन' तीन टेक आहेत, दुसरा बरा. मॅलेटचं नमदं दोन्ही बाजूंनी झिजलंय, आता आतलं लाकूड लागतंय आणि तो टक् आवाज मला आवडायला लागलाय, त्यामुळे बदलू का नको हे ठरत नाहीये.

पुढे 'सिस्टर रे', साडेसतरा मिनिटं, मूळ बँडने एका टेकमध्ये संपवलेलं. मित्राची अट आहे की सतराव्या मिनिटाला तरी एक झांज दे. क्रॅश मी पलंगाखाली ढकलून ठेवलीय, पिशवीची चेन लावून.