पाच केसपेपरवर एकच निदान

रविवारी रात्री पावणेबाराला अख्खं घरच कॅज्युअल्टीत आलं. बाबा भिंतीला धरून, आई तोंडावर टॉवेल दाबून, बारा वर्षांचा मुलगा हातात प्लास्टिकची बादली घेऊन आणि आजी मुलाच्या खांद्यावर भार टाकून. सगळ्यात मागे शेजारच्या काकूंच्या कडेवर पाच वर्षांची मुलगी. मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. आपल्याला बरंच कळतं असं वाटायला तेवढे दिवस पुरतात.

"उलट्या कधीपासून?"

"साडेदहापासून. आधी हा, मग मी, मग आई. रांगच लागली."

"बाहेरचं काही खाल्लं होतं का?"

हा प्रश्न आम्ही सवयीने विचारतो आणि समोरच्याला तो हमखास लागतो. आजींनी तेवढ्या अवस्थेतही मान वर केली. "बाहेरचं? आमच्या घरात? अगं, या अंड्यांनी घात केला. मी सुनेला म्हटलं होतं, फोडण्याआधी वास घे म्हणून."

रात्री साडेआठला सगळ्यांनी अंडं घालून परतलेला भात खाल्ला होता. अंडी, उलट्या, एकच कुटुंब. आता आणखी काय हवं? मी पाच केसपेपर ओढले आणि पाचही कागदांवर एकच निदान लिहिलं: अन्नविषबाधा. उलटी थांबवण्याचं औषध, ओआरएस, देखरेख. मुलीचा कागद शेवटचा होता, त्यावर तर मी नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहिलं. मागे आणखी तीन पेशंट बसले होते.

"डॉक्टर, ही ओकली नाहीये," सिस्टर म्हणाल्या.

त्यांची नोकरी माझ्या वयापेक्षा मोठी असावी. मुलीच्या कपाळावर हात ठेवून त्या उभ्या होत्या. ताप १०२. ती उजव्या कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडली होती आणि कुणी हात लावला की कण्हत होती. बाकीच्या चौघांना ताप नव्हता.

"हिनं काय खाल्लं?" सिस्टरनी आईला विचारलं.

"ती अंडं खात नाही. तिला दूध-पाव दिला होता."

मी लिहायची थांबले. घरातल्या ज्या एकमेव व्यक्तीने तो भात तोंडात घातला नव्हता, तिच्या कागदावर मी 'वरीलप्रमाणे' लिहिलं होतं.

सिस्टरनी जुन्या फॉर्मच्या पाठीवर तीन रकाने आखले: कोणी, काय, किती वाजता. आणि म्हणाल्या, "आजचंच नको. चार दिवस मागे जायचं."

पोटात काही बाधलं की माणूस शेवटच्या जेवणाला दोष देतो. कधीकधी ते बरोबर निघतं, पण प्रत्येक जंतूचं घड्याळ निराळं असतं. काही जंतू अन्नातच विष तयार करून ठेवतात. ते विष पोटात गेलं की अर्ध्या तासापासून सात-आठ तासांत उलट्या सुरू होतात, ताप सहसा नसतो आणि एका दिवसात माणूस उठून बसतो. काही जंतू आतड्यात उतरून तिथे वाढतात आणि मग त्रास देतात. त्यांना वेळ लागतो, ताप येतो, जुलाबातून रक्तही पडू शकतं. त्यातल्याच साल्मोनेला नावाच्या जंतूला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कितीही लागू शकतात. म्हणजे रविवारी रात्री पोट बिघडलं तर गुन्हेगार गुरुवारचा असू शकतो.

चौघांचा हिशेब लगेच जुळला. साडेआठला जेवण, साडेदहाला उलट्या, ताप नाही. अंडी तर तव्यावर कडकडीत शिजली होती, मग विष आलं कुठून? "भात कधी केलेला?" मी विचारलं. दुपारी एकला. पातेलं ओट्यावरच झाकून ठेवलं होतं, कारण गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवू नये असं आजींचं म्हणणं. संध्याकाळी ते कोमट झालं, पण तोवर सगळे बाहेर पडले होते.

तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते उकळत्या पाण्यातही टिकतात आणि भात निवत आला की जागे होतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस हा जंतूंच्या आवडीचा पट्टा. झाकलेलं, गच्च भरलेलं पातेलं त्या पट्ट्यात तासन् तास राहतं. दर अर्ध्या तासाला दुप्पट धरलं, तरी साडेसात तासांत एकाचे बत्तीस हजार होतात. ते जे उलटीचं विष सोडतात, ते परतल्याने जात नाही. प्रयोगशाळेत १२१ अंशांवर दीड तास ठेवूनही ते शाबूत राहतं. शेगडीची आच त्याच्यापुढे काहीच नाही. अशाच आणखी एका जंतूचा, स्टॅफिलोकोकसचा, मला संशय होता. तो हाताच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात येतो आणि त्याचंही विष उष्णतेला दाद देत नाही. दोघांपैकी नेमका कोण, ते सिद्ध झालं नाही, कारण उरलेला भात आईने निघण्याआधी फेकून दिला होता. असं अन्न पिशवीत बांधून, नाव घालून ठेवलं तर तपासता येतं, हे घाईत कुणाला सुचणार?

"पण भाताला वास नव्हता हो," आजी म्हणाल्या. "मी स्वतः बघितलं." त्या खरंच बोलत होत्या. अन्न नासवणारे जंतू आणि आजारी पाडणारे जंतू बहुतेक वेळा वेगळे असतात. पहिले वास सोडून वर्दी देतात, दुसरे गुपचूप येतात. आंबलेलं आपण टाकतोच, धोका चांगल्या लागणाऱ्या अन्नात असतो.

आता मुलगी. तिच्या रकान्यात ताप रविवारी सकाळपासून होता. दुपारी जुलाब सुरू झाले तेव्हा आईने घरातली मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी, अर्धी करून, दिली होती. "रक्त पडलं का?" आई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "संध्याकाळी थोडं लालसर दिसलं. मला वाटलं, बीट खाल्लं असेल." बीट घरात नव्हतंच.

ताप आणि रक्त असताना ती गोळी द्यायची नसते. आतडं जे बाहेर टाकू पाहतंय, ते आत कोंडून राहतं. शिवाय ई. कोलायचा एक प्रकार, ओ१५७, लहान मुलांच्या मूत्रपिंडावर घाला घालू शकतो. तो नाही हे कळेपर्यंत अँटिबायोटिकही आम्ही हात राखूनच देतो. मी सर्जनना बोलावलं, कारण पोटात उजवीकडे खाली दुखत होतं आणि अपेंडिक्स नाकारणं भाग होतं. सोनोग्राफीत अपेंडिक्स ठीक निघालं, आजूबाजूच्या लसिका गाठी सुजलेल्या होत्या. रक्त तपासायला गेलं, प्लेटलेट आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन रोज बघायचं ठरलं, शौचाचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, गेला. लघवी किती वेळा होते ते लिहायचं काम बारा वर्षांच्या भावाने स्वतःहून मागून घेतलं. तोवर तो बराच सावरला होता.

सलाईन फक्त आजींना लावलं. रक्तदाबासाठी त्या लघवी जास्त होणारी गोळी घेत होत्या आणि जीभ पार कोरडी पडली होती. बाबांनाही सलाईन हवंच होतं, त्याशिवाय आजार झाल्यासारखं वाटत नाही अनेकांना. मी त्यांच्या हातात ओआरएसचा ग्लास आणि चमचा दिला. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा चमचा-चमचा. घटाघट प्यायलेलं पाणी तसंच परत येतं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवलं की मुलांना ते घातक ठरू शकतं, म्हणून 'अंदाजे' नको.

पहाटे तीनच्या सुमारास बाबा मुलीच्या पलंगाशी आले. मी पुन्हा गुरुवारवर आले. गुरुवारी काय होतं? "चिकन केलं होतं. मीच करतो. पण ती चिकनला शिवत नाही." मग शिवते कशाला? काकडीला. चिकन कापून झाल्यावर बाबांनी चॉपिंग बोर्ड पाण्याखाली धरला आणि त्याच सुरीने काकडी कापायला घेतली. पोरीने शेजारी उभ्या उभ्या पहिल्या चार फोडी उचलल्या. बाकीची काकडी तशीच सुकून गेली. चिकन उत्तम शिजलेलं होतं, म्हणून ते खाणाऱ्या चौघांना काही झालं नाही.

"मी तर चिकन नळाखाली तीनदा धुतो," ते म्हणाले. हे मी इतक्यांदा ऐकलंय. धुण्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांवर बसून सिंकवर, ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर पसरतात. ते मरतात उष्णतेने. मांसाच्या सगळ्यात जाड भागात ७४ अंश पोचले की काम झालं. कच्च्या चिकनवर असणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूचे तर काहीशेच पुरतात, कच्च्या चिकनच्या पाण्याच्या एका थेंबातही तेवढे असू शकतात.

बुधवारी कल्चरचा रिपोर्ट आला: कॅम्पिलोबॅक्टर. क्रिएटिनिन एकदाही हललं नाही. तोवर ताप उतरला होता, रक्त थांबलं होतं आणि ती मला तिच्या पलंगावर बसू देत नव्हती. अँटिबायोटिकची गरज पडली नाही. बाकीचे चौघे सोमवारी दुपारीच घरी गेले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ मधल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे दर वर्षी जगात ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. त्यात सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं. हा आकडा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. 'वरीलप्रमाणे' लिहिताना तो आठवला नाही, एवढं खरं. तो केसपेपर मी खोडून पुन्हा लिहिला, खोडलेलं मात्र दिसेल असंच ठेवलं.

आठवड्याने सगळे दाखवायला आले. दोन बोर्ड घेतले होते, दोन्ही एकाच रंगाचे, म्हणून मुलीने एकाच्या मुठीवर मार्करने कोंबडी काढली होती. साबणाने ती पुसली जाते, मग ती नव्याने काढते. भात आता पसरट ताटात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जातो, आणि दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढून वाफ येईपर्यंत गरम होतो, असं आईने सांगितलं. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला तर ९ अंश निघाले. आता ४ वर आहे.

आजी माझ्या टेबलाशी वाकल्या. "सगळं पटलं हो डॉक्टर. पण ती अंडी काही बरी नव्हती."